पिवळ्याचं निळं

"साहेब," शेवटच्या रांगेतून ताई म्हणाली, आणि कागदावर चाललेलं त्याचं पेन जागच्या जागी थबकलं. शब्द तसा रोजचाच. शिपाई म्हणतो, ठेकेदार म्हणतात, दाराशी ताटकळलेली माणसं म्हणतात. इतक्यांदा की पंख्याच्या घरघरीसारखा तो आता कानांना जाणवतही नाही. पण हा आवाज ताईचा होता. याच आवाजाने त्याला लहानपणी झोपेतून उठवलं होतं, पाढे म्हणून घेतले होते, उलट्या चपला घातल्या म्हणून शाळेच्या वाटेवरून परत बोलावलं होतं. या आवाजात त्याचं नाव होतं, टिंगू होतं, 'अरे गाढवा' होतं, कधी नुसतंच 'ए' होतं. साहेब कधीच नव्हतं. तो शब्द खुर्च्यांच्या रांगांवरून तरंगत त्याच्यापर्यंत आला आणि त्याला वाटलं, आपल्याला कुणीतरी हलक्या हाताने उचलून दुसऱ्याच माणसात ठेवलंय.

नगररचना कार्यालयाच्या सभागृहात सकाळपासून सुनावणी चालली होती. नदीपलीकडच्या जुन्या वस्तीतली एक गल्ली आणि तिच्या मागची मोकळी जागा रहिवासी विभागातून काढून व्यापारी विभागात घालायची, म्हणजे एका कंपनीला तिथे भलंमोठं दुकान उभारता येईल, असा प्रस्ताव होता. खात्यात याला 'पिवळ्याचं निळं करणं' म्हणत. नकाशावर राहायच्या जागा पिवळ्या रंगवतात आणि धंद्याच्या निळ्या. लोकांच्या हरकती ऐकायच्या, आपला अभिप्राय लिहायचा आणि वर पाठवायचा, एवढं त्याचं काम. वरचे लोक सहसा त्याचा शब्द मानत. आता या पिवळ्या गल्लीतलं शेवटचं घर, हिरव्या दाराचं, तिथे तो लहानाचा मोठा झाला होता. बाबांनी जाण्याआधी ते ताईच्या नावावर केलं होतं. म्हणजे आपला त्यात काडीचा हिस्सा नाही, मग वरिष्ठांना सांगायचं तरी काय, असं तो स्वतःला समजावत आला होता. खरं सांगायचं तर हे काम आपल्याच टेबलावर येऊन पडलं याचा त्याला आतून आनंद झाला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांपुढे तो पिवळा पट्टा यायचा आणि वाटायचं, याच्यावर हात ठेवून आपण झोपलोय, कुणी आलं तरी हात काढायचा नाही.

शिपायाने पडदे ओढून समोरच्या भिंतीवर नकाशा पाडला होता. त्यातला पिवळा रंग भिंतीत मावत नव्हता. तो पुढच्या रांगेतल्या कपाळांवर, चष्म्यांच्या काचांवर, वकिलाच्या पांढऱ्या शर्टावर सांडला होता. कुणी बोलायला उठलं की त्याच्या गालावरून गल्लीची रेघ सरकत जाई. कंपनीचा वकील बराच वेळ बोलला. सगळं एका छताखाली मिळेल, गाड्या उभ्या करायला जागा होईल, आसपासच्या मुलामुलींना कामं मिळतील. तो बोलत होता तेव्हा ताईच्या घराचा चौकोन त्याच्या खिशाशी आला होता, घडी केलेल्या रुमालासारखा. मग गल्लीतली माणसं एकामागून एक उठली. सगळी त्याला चड्डीत हिंडताना पाहिलेली. पण जणू ठरवून सगळ्यांनी ओळख गिळली होती. आपला पोरगा खुर्चीत बसलाय, आता घोर नाही, एवढं मात्र प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. सर्वांत शेवटी चष्मेवाले काका उठले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं चष्म्यांचं दुकान, वर घर; ताईच्या पिढीतल्या सगळ्यांच्या नाकावर त्यांच्याच हातचा चष्मा.

"मी दुसरं काही मागत नाही, साहेब," काका म्हणाले. 'साहेब' म्हणताना त्यांचा डावा डोळा किंचित मिचकावल्यासारखा झाला. "आमच्या गल्लीत ऊन संध्याकाळपर्यंत असतं. मी त्याच उजेडात काम करतो, माझी नातवंडं त्याच उजेडात अभ्यासाला बसतात. ही भिंत उभी राहिली की दुपारीच दिवेलागण होईल. माणसाच्या दारातलं ऊन असं उचलून नेता येतं का?"

त्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. लिहिताना त्याला ते ऊन दिसतही होतं. वरच्या खोलीच्या खिडकीतून येणारं, जिन्याच्या कठड्यावरून घरंगळत खालच्या फरशीवर पोचणारं, फरशीच्या एका फुटक्या कोपऱ्यात साचून राहणारं. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की तिचा त्याला फक्त हात आठवतो, आणि तोही त्या उन्हातच. नखांच्या कडा लालसर, पारदर्शक. त्या घरातलं ऊन आणि आई ही त्याच्या मनात कधी वेगळी झालीच नव्हती. अभिप्राय त्याच्या डोक्यात तयार होता. रस्ता अरुंद आहे, गाड्यांची गर्दी होईल, आजूबाजूच्या घरांचा उजेड जाईल, सबब प्रस्ताव मान्य करू नये. एकूण एक कारण खरं होतं. केवळ रीत म्हणून त्याने विचारलं होतं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?" आणि ताईने हात वर केला होता.

ती आली आहे हे त्याने सकाळीच पाहिलं होतं. तपकिरी स्वेटर, मांडीवर पिशवी. आपल्याला खुर्चीत बघायला आली असेल, असं वाटून तो जरा ताठ बसला होता.

"बोला," तो म्हणाला. आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना म्हणून ठरलेलं वाक्यच तोंडातून गेलं, "आपलं घर कुठलं?"

पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि खोकल्यात लपवलं.

"गल्लीतलं शेवटचं," ताई शांतपणे म्हणाली. "हिरव्या दाराचं."

"आपली हरकत काय आहे?"

"माझी हरकत नाही, साहेब. तेच सांगायला आले. दुकान झालं तर बरंच होईल. आणि लवकर झालं तर आणखी बरं."

चष्मेवाले काका अख्खे वळले. त्यांच्याबरोबर त्यांची खुर्चीही फरशीवर किंचाळली.

"घराला नावं ठेवत नाही मी," ती पुढे म्हणाली. आवाज चढला नाही, पडलाही नाही. "पण न्हाणीघर खाली आणि झोपायची खोली वर. जिना असा उभा. माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत. मागच्या भिंतीला ओल आहे. कितीही रंग द्या, ती आपली पुन्हा वर येते. गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. आमच्या वडिलांना खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत न्यावं लागलं होतं. माझ्यावर ती वेळ आली तर मला कोण नेणार? कंपनी जे देईल त्यात मला एक लहान घर घेता येईल, लिफ्ट असलेलं. एवढंच म्हणायचं होतं."

"नोंद घेतली," तो म्हणाला. सभागृहातल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो नकाशाकडे पाहत राहिला. शिपायाने पडदे सारले. बाहेरचा खरा उजेड आत आला आणि भिंतीवरचा पिवळा रंग फिका पडत पडत, चहा सांडून पुसल्यावर राहतो तेवढाच उरला.

माणसं गेली. जाताना ताई थांबली नाही. तो आपल्या खोलीत गेला, फाईल उघडली, बंद केली, आणि भरदुपारी उठून बाहेर पडला. पुलावर वारा होता. नदीचं पाणी इतकं सावकाश चाललं होतं की पूलच मागे सरकतोय असं वाटत होतं. त्याच्या कानात ती खुर्ची घोळत होती. बाबांची खुर्ची. तो दिवस त्याच्यापाशी वेगळाच होता. बाबा कित्येक वर्षं वरच्या खोलीत पडून होते आणि त्या दिवशी त्यांना श्वास लागला. गल्लीतल्या चौघांनी त्यांना वेताच्या खुर्चीत बसवून उचललं, दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं उभी राहिली, आणि बाबांनी त्या तशा अवस्थेतही उजवा हात वर करून हलवला, एखादा राजा नगरातून निघावा तसा. सगळे हसले होते. बाबाही. ही गोष्ट त्याने किती जणांना सांगितली असेल. बायकोच्या माहेरी, मित्रांच्या बैठकीत, एकदा तर खात्याच्या समारंभात माइकसमोर. जुन्या गल्ल्या म्हणजे काय, तर ही माणसं, असं म्हणून तो गोष्ट संपवायचा आणि लोकांचे डोळे ओले व्हायचे. आज ताईने तीच गोष्ट एका वाक्यात सांगितली होती आणि तिच्यात राजा नव्हता. अरुंद रस्ता होता.

चालता चालता त्याला ते दुकान दिसू लागलं. कंपनीचे नकाशे त्याने इतक्यांदा पाहिले होते की दाराच्या काचा आपोआप सरकल्याचा आवाजही त्याला ऐकू आला. आत थंडी. पांढऱ्या उजेडाला सावलीच नाही. माणसं गाड्या ढकलत सावकाश चाललीत, कुणाला घाई नाही, पाण्याखाली चालावं तशी. डबे, बाटल्या, साबणांचे डोंगर. ताईचं घर कंपनीच्या नकाशावर थंड पदार्थांच्या कपाटांमध्ये येत होतं. म्हणजे जिथे जिना आहे तिथे कपाटं गुणगुणत उभी राहतील, कुणीतरी बाई काचेचं दार उघडून आत हात घालेल आणि नेमक्या त्याच जागी, हवेत, आईचा हात असेल. ती बाई थंडी वाजून हात मागे घेईल. तिला काही कळणार नाही. तो स्वतः त्या दुकानात कुठेतरी लहान होऊन उभा होता, रांगांमधून रांगा, आणि ताईला शोधत होता, आणि छतातून बाईचा मंद आवाज येत होता की एक मुलगा सापडला आहे, ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा. मागून सायकलची घंटी वाजली तेव्हा तो गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. काकांच्या दुकानाची फळी अर्धवट लावलेली होती. आतून काकांनी पाहिलं आणि मान खाली घातली.

हिरवं दार उघडंच होतं. ताई खालच्या खोलीत स्टुलावर पाय ठेवून बसली होती, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी.

"आलास? चहा हवा तर करून घे. मी आता उठणार नाही."

त्याने केला नाही. उभाच राहिला. "साहेब म्हणालीस मला."

"मग काय टिंगू म्हणून हाक मारायची होती? तो वकील बसला होता समोर. तुझी नोकरी घालवू?"

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो जखम समजून दिवसभर जे कुरवाळत होता ते तिने त्याच्यावर घातलेलं पांघरूण निघालं. तो पायरीवर बसला.

"ताई, मी ठरवलं होतं. नामंजूरच करायचं."

"वाटलंच मला. म्हणून तर आले."

"तुझ्यासाठी करत होतो गं."

"मला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? हे घर..."

"काय हे घर?" तिने पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली. "तू रविवारी येतोस. वर जातोस, खिडकीत बसतोस, भिंतीवरून हात फिरवतोस. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण तू आलास की मला वाटतं, पाहुण्याला दाखवायचं घर मी सांभाळतेय. तुझं लहानपण इथे राहतं, ठीक आहे. आरामात राहतं. त्याच्या मागे केरसुणी घेऊन मी फिरते."

खोलीत मेणाचा वास होता. ताईने उभा जन्म दातांच्या कवळ्या घडवण्याच्या एका कारखान्यात काढला. निवृत्त झाली तरी तो गुलाबी मेणाचा वास तिच्या कपड्यांतून, उशांतून, बहुधा भिंतींतूनही गेला नव्हता. लहानपणी तो तिच्या बोटांचा वास घेत झोपायचा. गल्लीतल्या अर्ध्या लोकांचं हसू मी केलंय, असं ती गमतीने म्हणायची, आणि ते खरंच होतं. त्याला एकदम जाणवलं की या वासाला तो घराचा वास समजत आला होता. घराला वास ओलीचा होता. तो त्याला आज पहिल्यांदा आला.

"बाबांना नेलं तो दिवस," तो म्हणाला.

"तुला मिरवणुकीसारखा आठवतो. ठाऊक आहे. ऐकलंय मी तुला सांगताना."

"त्यांनी हात हलवला होता ना पण?"

"हलवला होता," ती म्हणाली. "चौघांपैकी एकाचा पाय घसरला आणि त्यांना आधार हवा होता. ते मला शोधत होते, हात पुढे करून. मी मागे होते, औषधांची पिशवी घेऊन. गल्ली एवढीशी, मला पुढे जाता येईना." तिने गुडघ्यावरची पिशवी नीट केली. "हसले मात्र ते नंतर. ते तुझं बरोबर आहे."

बाहेर कुणीतरी बादली उलटी करून ठेवली. ऊन खिडकीतून जिन्यावर आलं होतं, अगदी तो लिहून घेत होता तसंच, आणि ताई उन्हाकडे पाठ करून बसली होती. त्या उन्हाने तिच्या डोळ्यांना त्रास होत असे म्हणून. हेही त्याला माहीत नव्हतं.

"काका बोलतील का तुझ्याशी?" त्याने विचारलं.

"आत्ताच दार लावून घेतलं त्यांनी. मीच केलेले दात घालून माझ्याशीच अबोला." ती हसली, आणि मग हसू ओठांवरच राहून गेलं. "त्यांचंही खरं आहे रे. ऊन जाईल त्यांचं. मी काय म्हणते, त्यांचं खोटं आहे असं नाही. पण मला आता त्यांच्या उन्हासाठी जिना चढवत नाही."

ती रात्र आणि दुसरी सकाळ तो त्या अभिप्रायाशी बसला. रस्ता अरुंद आहे, हे खरं. उजेड जाईल, हेही खरं. पण ती खरी कारणं त्याने कशासाठी गोळा केली होती, ते आता त्याला दिसत होतं, आणि ते दिसल्यावर कारणं हातात धरवत नव्हती. नामंजूर लिहावं तर ते आईच्या हातासाठी होतं. मंजूर लिहावं तर ताईच्या गुडघ्यांसाठी. गल्ली दोन्हींत कुठेच नव्हती. त्याने नकाशा पुढे ओढला आणि पिवळ्या पट्ट्यावर तळवा ठेवला. कागद थंड होता, गुळगुळीत होता, कागदच होता. बायकोने चहा आणून ठेवला आणि विचारलं, "एवढं काय बघताय?" तो म्हणाला, "काही नाही. रंग." ती म्हणाली, "ताईंना एकदा मोकळं सोडा तुम्ही," आणि आत गेली. म्हणजे तिलाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं बहुतेक.

खात्याच्या प्रमुख बाई कडक होत्या. समोरच्याला बसा म्हणायला विसरत, की मुद्दाम म्हणत नसत, ते कुणाला कळलं नव्हतं.

"या प्रस्तावातून मला मोकळं करा," तो उभ्यानेच म्हणाला. "तिथे माझी बहीण राहते. घर तिचं आहे. मी आधीच सांगायला हवं होतं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सुनावणी झाल्यावर सांगताय?"

"आत्ता कळलं मला."

"काय कळलं? ती तुमची बहीण आहे हे?"

त्याला हसू आलं, आणि ते बाईंनी पाहिलं, आणि त्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं. पण बाईंचं वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं ते बसलंच, कारण उत्तर होकारार्थी होतं.

त्याला लेखी ताकीद मिळाली आणि वर्षभर त्याच्याकडे एकही सुनावणी यायची नाही असं ठरलं. काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेलं. तो मितभाषी माणूस. नदीपलीकडे त्याचं कुणी नव्हतं, कसली आठवण नव्हती. त्याने नव्याने सुनावणी घेतली, गल्लीत दोनतीनदा वेगवेगळ्या वेळी जाऊन उन्हाच्या सावल्या बघितल्या, आणि अर्धं दिलं, अर्धं राखलं. मागची मोकळी जागा आणि गल्लीच्या शेवटची घरं निळी झाली. तोंडाकडची घरं पिवळीच राहिली, आणि कंपनीला सांगण्यात आलं की इमारत त्या बाजूला बुटकी ठेवा. म्हणजे काकांचं घर राहिलं. ऊनही राहिलं, पण पूर्वीइतकं नाही. चहाच्या वेळेनंतरचं गेलं. कोणीही पुरतं जिंकलं नाही. वकील खूश नव्हता, काका खूश नव्हते. 'त्या अधिकाऱ्याच्या जागी मी असतो तर' असं मनात म्हणून तो ते निकालपत्र वाचायला लागला, आणि अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला ही मधली रेघ सुचलीच नसती. त्याला सगळंच्या सगळं हवं होतं.

ताई हलली तो दिवस ढगाळ होता. सामान असं फार निघालंच नाही. जे त्याला घर वाटत होतं त्यातलं बरंचसं उचलून नेण्यासारखं नव्हतं. टेंपो गल्लीत शिरत नव्हता, म्हणून एकेक खोकं हातात घेऊन तोंडापर्यंत न्यायचं. काकांच्या दुकानासमोरून तो किती फेऱ्या गेला आणि प्रत्येक वेळी काका काचेआड मान खाली घालून काम करत राहिले. शेवटी ताई निघाली, काठी टेकत. दुकानासमोर थांबली. तेव्हा काका उठून बाहेर आले. त्यांनी न विचारता तिच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, उजेडाकडे धरला, खिशातून बारका पेचकस काढून काडीचा स्क्रू पिळला, काचा शर्टाच्या टोकाने पुसल्या आणि चष्मा परत तिच्या नाकावर बसवला, दोन्ही कानांमागे बोटाने दाबून.

"घसरत होता," ते म्हणाले. "किती दिवस बघतोय."

"मग सांगायचं नाही का?"

"अबोला होता ना."

"सुटला?"

काका आत जाऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी कामाचा दिवा लावला. ढगाळ हवेमुळे दिसत नव्हतं. टेंपो सुरू झाला तेव्हा ताईने मागे वळून पाहिलं ते त्यांच्या दुकानाकडे. हिरव्या दाराकडे एकट्या त्यानेच पाहिलं. ते बंद होतं, आणि लहान होतं, आणि त्यावर आता कंपनीचा आकडा टाकला होता.

नवं घर वरच्या मजल्यावर होतं. लिफ्टचं दार सरकलं तेव्हा ताईने आत जाण्याआधी काठीने तिची जमीन ठोकून पाहिली, जशी एखादी बाई भाजीवाल्याकडचा भोपळा ठोकून बघते. खोल्या दोनच, पण सगळं एका पातळीवर. पायरी नाही, उंबराही नाममात्र. ती एका खोलीतून दुसरीत गेली, परत आली, पुन्हा गेली. काही कारण नव्हतं, जाता येत होतं म्हणून. त्याने पलंग जोडायला घेतला. एक खिळा सापडेना. "राहू दे, गादी खालीच टाक," ती म्हणाली, आणि त्याने टाकली. मग दिवे आणायला तो खाली उतरला. रस्ता अनोळखी होता. दुकान शोधता शोधता तो दोन चौक लांब गेला, दिवे घेतले, चहा प्यायला, चुकीच्या इमारतीत शिरून परत फिरला. येऊन दार ढकललं तेव्हा आत काहीच आवाज नव्हता.

"ताई," त्याने हाक मारली. पुन्हा मारणार, तेवढ्यात त्याला ती दिसली.

ती खोक्यांच्या मधोमध, चादरही न घातलेल्या गादीवर झोपली होती. कुशीवर, एक हात गालाखाली, पाय पोटाशी घेतलेले. चष्मा नव्या खिडकीत ठेवलेला. तोंड जरासं उघडं होतं आणि श्वासाबरोबर ओठ अगदी थोडेसे हलत होते. भर दिवस होता, दार उघडं होतं, अर्धं सामान बांधलेलं होतं, करायचं काम डोंगराएवढं होतं. आणि ती झोपली होती. तो दारातच उभा राहिला. काय चुकल्यासारखं वाटतंय हे त्याला आधी कळेना. मग हळूहळू कळलं की त्याने आयुष्यात ताईला झोपलेलं कधी पाहिलेलं नाही. तो झोपायचा तेव्हा ती जागी असायची, तो उठायचा तेव्हा ती उठलेली असायची. मधे ती झोपत असणार, पण ते त्याच्यासाठी कधी घडलंच नव्हतं. झोपेत तिचा चेहरा लहान झाला होता. कुणाचीच ताई नसलेल्या एखाद्या मुलीचा.

त्याने चपला काढल्या. दार आवाज न करता लोटलं. एका खोक्यावर बसायला गेला, तर ते करकरलं, म्हणून तो भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसला, दिव्यांची पिशवी मांडीवर घेऊन. फोन वाजू नये म्हणून बंद केला. बाहेर लिफ्ट वर आली, दुसऱ्याच कुणाच्या तरी मजल्यावर थांबली, परत गेली. खोलीत अंधारू लागलं तेव्हा दिवा लावायला हवा होता, पण तो उठला नाही. न जाणो, उजेडाने तिला जाग येईल.